भागामाय आणि सरकारी दुखवटा

भागामाय कोणालाही भेटली की आधी एकच विचारायची. "काय खाल्लं वं आज?"

तळ्यावर धुणं घेऊन गेलं तरी हेच, धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायांच्या ओळीत हेच. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा तिचं घर आमच्या भिंतीला लागून होतं. पहिल्याच सकाळी ती दारात उभी राहिली आणि तिनं मला तेच विचारलं. मी मान खाली घातली. मला चारचौघांत बोलणं तेव्हाही जमत नव्हतं, आजही जमत नाही. आतून सासू म्हणाली, "सांगू नोको वं तिले. तू मेल्यावर साऱ्या गावाले सांगंल ते."

मला वाटलं, सासू थट्टा करते. नंतर कळलं की ते अगदी खरं होतं.

आमचं गाव आसगावच्या पुढे, तळ्याच्या काठी. गावात कोणी गेलं की बाया त्या घरी जमतात आणि मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या गोष्टी सांगत रडतात. सगळ्याच रडतात, पण भागामाय येईपर्यंत त्या रडण्याला काही अर्थ येत नसे. ती आली की बाया सरकून जागा करायच्या. ती मेलेल्याच्या पायाशी बसायची, पदर डोक्यावर ओढायची आणि सुरू करायची. एरवी तिचा आवाज फाटका होता, तंबाखूनं खरखरीत झालेला. रडताना मात्र तोच आवाज इतका स्वच्छ निघायचा की दूर शेतातल्या बांधीत काम करणारी माणसं हातातलं काम थांबवायची.

तो काही तिचा धंदा नव्हता. ती कोणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायची नाही. रडून झालं की तळ्यावर आंघोळ, आणि ओल्या लुगड्यानं घरी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. उंच, हडकुळी बाई होती. एका कानाची पाळी दागिन्यानं फाटलेली, आणि चालणं असं की जणू कुठंतरी उशीर झाला आहे.

एकदा मी विचारलं होतं, "भागामाय, तुम्हाले इतकं कसं आठवते?" तेव्हा ती म्हणाली, "आठवाचं काय त्याच्यात? मानूस जित्ता असते तवाच विचारून ठेवाचं. मेल्यावर कोन सांगते? अन् खोटं नाही रडाचं बाई. मेलेल्याले समजते."

खोटं रडायचं नाही, हा तिचा नेम. त्याचा लोकांना धाक होता. मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरची म्हातारी गेली तेव्हा भागामाय रडता रडता म्हणाली, "तुले दुधावरची साय आवडे वं माय, गोठ्यात म्हशी होत्या वं माय, अन् साय कोन्या कपाटात जात होती वं माय." तिन्ही सुना तिथंच बसलेल्या होत्या. त्यांनी पदर इतका ओढला की हनुवटीसुद्धा दिसेना. रडणाऱ्या बाईला कोणी मध्येच अडवत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्या दिवसापासून गावातल्या म्हाताऱ्यांची ताटं सुधारली असं माझे सासरे सांगायचे. ते स्वतः रोज सांजेला दुधाचा पेला रिकामा करून भिंतीपलीकडे मुद्दाम ओरडायचे, "भागा, दूध प्यालो वं." तिकडून आवाज यायचा, "बरं झालं. ध्यानात ठेवतो."

पण तिला फक्त उणंच दिसायचं असं नव्हतं. सीताराम नावाचा एक माणूस होता आमच्या गल्लीत. भांडखोर, बायकोला मारणारा, शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावाला कोर्टात ओढणारा. तो गेला तेव्हा बाया जमल्या, पण रडायला शब्दच सापडेना. त्याची बायकोसुद्धा कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती. भागामाय आली, बसली आणि कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. तिला कधी असं अडलेलं मी पाहिलं नव्हतं. मग तिनं त्याच्या पायावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बैलाले कधी टोचनी नाही लावली रे बाप्पा. चिखलात बैल बसला तं तूही त्याच्याजवळ बसे." हे ऐकलं आणि त्याची बायको जी रडायला लागली, ती तिरडी बांधून होईपर्यंत थांबली नाही.

गावात भागामायशी खरं भांडू शकणारी एकच बाई होती, कवसा. दोघी कारध्याच्या, वैनगंगेच्या काठच्या. एकाच लगनसराईत दोघी या गावात आल्या. लहानपणी एकाच घाटावर भांडी घासली, आणि म्हातारपणी एकीच्या अंगणातून दुसरीच्या अंगणात शिव्या जायच्या. त्यात एका कोंबडीचं भांडण सगळ्यात मोठं. लाल, मानेवर पिसं नसलेली कोंबडी. भागामाय म्हणे माझी, कवसा म्हणे माझी. त्या कोंबडीवरून दोघींनी दोन पावसाळे अबोला धरला. तळ्यावर शेजारी शेजारी धुणं धुवायच्या आणि मधल्या बाईला सांगायच्या, "तिले सांग, माहा साबन सरकव म्हना." पुढे बोलणं सुरू झालं, पण कोंबडी कोणाची हे काही ठरलं नाही.

कवसा नेहमी म्हणायची, "भागे, मी पयली मेली तं तू रडशील. पन माह्या मढ्यावर कोंबडीचं नोको काढू." भागामाय म्हणायची, "काढीन. खोटं कशी रडू?" मग दोघी हसायच्या. पण ठरलेलं होतं. जी मागे राहील तिनं पुढे गेलेलीसाठी रडायचं. कवसाचा एकुलता एक मुलगा दामा, मुका नव्हता पण मुक्यासारखाच. त्याच्याकडून आईच्या नावानं दोन शब्द निघणार नाहीत हे दोघींना माहीत होतं.

एका वर्षी हिवाळा संपता संपता कवसा अंथरुणाला लागली. त्याच सुमारास गावात शंकरपटाची तयारी चालली होती. बैल पळवायची दान, म्हणजे धावपट्टी, आखून झाली होती, दुकानं येणार होती, रात्रीचं नाटक ठरलं होतं. आणि दिल्लीहून बातमी आली की राष्ट्रपती गेले.

माझे मालक तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होते. पंचायतीची खोली गळकी होती, म्हणून महत्त्वाची बोलणी आमच्या ओसरीवर व्हायची. मी आतून चहा द्यायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची. ग्रामसेवक सायकलवरून तहसिलीचा निरोप घेऊन आला. राष्ट्रीय दुखवटा पाळायचा. झेंडा अर्ध्यावर ठेवायचा. गाणी, वाजंत्री, कार्यक्रम, सगळं बंद.

सरपंच रामाजी भला माणूस होता, पण वरून काही आलं की त्याला घाम फुटायचा. पहिला प्रश्न त्यानंच विचारला. "राष्ट्रपती म्हंजे पंतप्रधानाच्या वर का खाली?"

"वर," ग्रामसेवक म्हणाला.

"मंग तं जास्तच पाळा लागंल."

पट पुढे ढकलला. लाऊडस्पीकरवाल्याला निरोप गेला. झेंडा पत्र्याच्या पेटीतून काढला तर घडीवर उंदरानं कुरतडलेलं. तो शिवायला शिंप्याकडे गेला. कोतवाल म्हणाला, "अर्ध्यावर कायले ठेवाचा? दोरी तं पूरन हाये." त्याला समजावता समजावता चहा थंड झाला. मग फोटोचं निघालं. पंचायतीच्या भिंतीवर बाकी सगळे मोठे लोक होते, हेच तेवढे नव्हते. पवनीच्या बसनं पेपर येईल, त्यातला फोटो कापून कणकेच्या खळीनं पुठ्ठ्यावर लावायचा असं ठरलं. मी दुसऱ्यांदा चहा पाठवला तेव्हा एक सदस्य म्हणाला, "दुखवट्यात चहा चालते ना?" माझे मालक म्हणाले, "चालते. साखर कमी टाक म्हना."

अवघड झालं ते शोकसभेचं. पंचायत समितीचे सभापती आणि एक मोठे साहेब त्या भागात फिरणार होते आणि आमच्या गावालाही येणार होते. ग्रामसेवकानं सांगितलं की दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची.

"बस? गप उभं राहाचं?" रामाजीला ते पटेना. "गप तं मानूस बसची वाट पाह्यतानाही राह्यते. गावाले दुःख झालं हे साह्यबाले दिसाले नोको का?"

 मग त्यानंच तोडगा काढला. "भागाकाकीले सांगा."

तो स्वतः तिच्या दारी गेला. भागामाय भात पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रडीन. मेलेल्या मानसाले नाही कशी म्हनू? पन रामाजी, ते काय खात होते?"

"कोन?"

"तेच. तुहे राष्ट्रपती."

रामाजीनं ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं सायकलकडे पाहिलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भागामाय गावभर विचारत फिरली. शाळेत गेली. गुरुजींकडे रेडिओ होता. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि राष्ट्रपतींचं शिक्षण, त्यांनी सांभाळलेली पदं, परदेशचे दौरे सगळं नीट सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. "ते सारं चांगलं हाये गुरुजी. पन सकाळी उठून पयले काय करत होते? पाय दुखत होते का? रागावले म्हंजे कोनावर रागावत होते?" गुरुजी म्हणाले, "हे पेपरात येत नाही, भागाबाई." ती म्हणाली, "मंग त्याहिच्या बायकोले माहीत असंल. तिच्याजवळ कोन बसलं असंल बरं?"  गुरुजींनी ही गोष्ट नंतर आमच्या ओसरीवर सांगितली तेव्हा सगळे हसले, पण ते स्वतः हसले नाहीत.

अधूनमधून ती कवसाकडे जाऊन बसायची. मी एकदा पेज घेऊन गेले होते. कवसा डोळे मिटून पडली होती. भागामाय तिचे पाय चेपत म्हणत होती, "सरकारनं मले काम देल्लं हाये कवसे. दोन दिवस थांब." कवसा डोळे न उघडता म्हणाली, "तुहं सरकार मोठं का मी मोठी?" भागामाय म्हणाली, "तूच मोठी वं. माह्याहून सहा महिन्यानं."

सभेच्या दिवशी सकाळीच कवसा गेली.

दामा दारात बसून राहिला. भागामाय धावत गेली, मागोमाग आम्ही चारपाच जणी. ती पायाशी बसली, पदर ओढला, तोंड उघडलं, आणि त्याच वेळी रामाजी अंगणात आला. शिवलेला झेंडा तसाच त्याच्या हातात होता.

"काकी, पाया पडतो. आता नोको. साह्यब दुपारी येऊन राहिले. गावात आवाज नाही कराचा असा हुकूम हाये. सभा होऊ द्या, मंग न्या बाईले."

भागामाय त्याच्याकडे पाहतच राहिली. "रडाचं नाही म्हनतं?"

"तिथं रडा ना. सभेत. इथं नोको. इथला आवाज सडकेवर जाते. साह्यब म्हनंल, हे दुसरं काय चाललं."

 तो वाईट माणूस नव्हता. दुखवट्यात आवाज नको, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रडणंसुद्धा त्यानं त्यातच धरलं. पण सभा संपायला दिवस कलला असता, आणि दिवस मावळायच्या आत न्यायला हवं होतं. मग रडायला वेळ कुठला? तिरडी उचलल्यावर रडून उपयोग नसतो, जे सांगायचं ते माणूस घरात असतानाच सांगायचं असतं.  दामा सरपंचापुढे कधीच बोलला नसता. भागामायनं उघडलेलं तोंड मिटलं. मला वाटलं, कवसा अशीच जाणार.

कवसाजवळ दामा आणि दोन म्हाताऱ्या राहिल्या, बाकी सगळा गाव दुपारी शाळेच्या पटांगणात जमला. खुर्चीवर पुठ्ठ्याचा फोटो, त्याला झेंडूचा हार. झेंडा अर्ध्यावर. जीप आली. साहेब आणि सभापती चपला काढून उभे राहिले. आम्ही बाया मागे, कुंपणाला लागून. भागामाय आमच्यापासूनही वेगळी, एका कोपऱ्यात उभी होती. कवसाला हात लावून ती तशीच आली होती, आंघोळ केली नव्हती. कोणी जवळ गेलं की म्हणायची, "शिवू नोका मले."

दोन मिनिटांची शांतता झाली. गुरुजी बोलले. मग रामाजीनं भागामायकडे पाहून मान हलवली.

ती पुढे गेली. खुर्चीपासून दूरच जमिनीवर बसली. पदर ओढला. फोटोकडे पाहत बराच वेळ गप्प राहिली, सीतारामाच्या वेळी राहिली होती तशी. मग फोटोशी बोलायला लागली. रडायला नाही, बोलायला.

"साह्यब, मी तुह्यासाठी रडाले आली. दोन दिवस विचारत फिरली. तू काय खाये, तुहं काय दुखे, एकानंही नाही सांगलं रे बाप्पा. तू एवढा मोठा, अन् तुहं काहीच माहीत नाही आमाले. खोटं रडीन तं तुले समजंल. तुह्या घरची बाई रडत असंल, तेच खरं. मले माफ कर."

 ग्रामसेवक पुढे व्हायला लागला, पण सभापतींनी हातानं त्याला थांबवलं.

"पन एक काम सांगतो तुले. तू आज ज्या वाटेनं जाऊन राहिला, त्याच वाटेनं आमची कवसाही आज निघाली. तू सारं जग पाह्यलं. ते कारध्याहून इथं आली, अन् इथंच राह्यली. भंडाऱ्याच्या बाजारात माह्या पदराले धरून चाले. मोटारीले भेये. तुह्यासंगं लोक असतीन, शिपाई असतीन. तिले मांगं नोको सोडू रे बाप्पा. तिले भूक सहन नाही होत. तिनं काल पेज घेतली ते दोनच घोट."

आणि मग तिचा आवाज फुटला. तोच स्वच्छ आवाज.

"कवसे वं... तुले शिंगाडे आवडे वं, गरम शिंगाड्यानं तोंड पोळून घे वं. घाटावर माह्या वाट्याचे गंज-भांडे तू घासे वं, मले ताप आला तवा माहा रोवना तू करे वं. मले सवाष्नी हळदीकुंकवाले नाही बोलवत, तवा तूही नाही गेली वं. अन् कोंबडी तुहीच होती वं कवसे, मले पयल्या दिवसापासून माहीत होतं वं..."

कुंपणाजवळच्या बायांना आता कोणी थांबवू शकत नव्हतं. कोंबडीचं भांडण साऱ्या गावाला पाठ होतं. पुरुषसुद्धा मान फिरवून उभे होते. पुरुषांच्या मागच्या ओळीतून एक विचित्र हुंदका आला. मी पाहिलं तर दामा. तो सभेला कधी आला हे कोणी पाहिलं नव्हतं. "माय वं," एवढंच तो म्हणाला.

सभापती वाकून रामाजीला म्हणाले, "गावात कोनाची माती हाये का?"

 रामाजीनं मान हलवली.

"मंग आमची वाट कायले पाह्यली बाप्पा? चला."

फोटोजवळ कोतवालाला बसवलं आणि सगळी सभा कवसाच्या दारी गेली. साहेबही गेले, अंगणाच्या बाहेर उभे राहिले. भागामायनं तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारध्याच्या घाटापासून. कोणी घाई केली नाही. दिवस मावळायच्या आत तिरडी उचलली. पहिला खांदा दामाचा आणि दुसरा रामाजीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. भागामाय बगलेत एक लाल कोंबडी घेऊन निघाली. मानेवर पिसं नव्हती. त्या जुन्या कोंबडीची ती नात असेल की पणती, कोण जाणे. दामाच्या अंगणात तिनं ती सोडून दिली आणि परत आली.

पट पुढे झाला, नाटकही झालं. त्यानंतर कितीदा तरी झेंडा अर्ध्यावर आला आणि पंचायत आमच्या ओसरीवर जमली. रामाजी दर वेळी आधी विचारायचा, "गावात कोनी बिमार तं नाही ना?"

भागामाय थकली. डोळ्यांनी दिसेना, तेव्हा तिचा भाचा तिला नाकाडोंगरीला आपल्याकडे घेऊन गेला. तो खाणीवर कामाला होता, चांगला मुलगा. ती तिकडेच वारली. निरोप आम्हाला सगळं उरकल्यावर मिळाला. तिथं तिच्यासाठी कोण रडलं, त्या बायांना तिचं काय माहीत होतं, मी कोणाला विचारलं नाही. मला मोठ्यानं रडता येत नाही. म्हणून हे कागदावर.

ती गाव सोडून निघाली त्या दिवशी मी सडकेपर्यंत तिला पोचवायला गेले होते. भाच्यानं तिला बसमध्ये खिडकीशी बसवलं. मी खाली उभी होते. ती हात बाहेर काढून चाचपत होती, मी तो धरला.

"काय खाल्लं वं आज?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. भात आणि लाखोळीची डाळ. मग इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उलट विचारलं. "भागामाय, तुम्हाले काय आवडते?"

ती दचकली. मग हसली. "तू रडशील मले? तुह्या तोंडातून आवाज तं निघत नाही."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तिचा हात सुटला. मला वाटलं, आता राहिलंच. पण बस थोडी पुढे जाते तोच तिचं डोकं खिडकीतून बाहेर आलं, मी उभी होते त्याच्या भलत्याच बाजूला पाहत.

"थंड्या पेजेवरची पापडी," ती ओरडली. "अन् मीठ जरा जास्त लागते मले. तेही सांगजो."